स्टेन शब्दाचं मूळ

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. आजोबा तंजावरच्या राजवाड्यात चवरी ढाळायचे. राज्य खालसा झालं, राजा गेला आणि चवरी तेवढी आमच्या घरी आली. वडील कुंभकोणमला येऊन पितळी भांड्यांच्या दुकानात बसू लागले. मी इथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकलो, आणि चांगली शिकलो.

त्या वर्षी धाकट्या बहिणीच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी पांढरी पडली. मग मनगटावर रुपयाएवढा पांढरा ठिपका उठला. गल्लीतल्या बायका पाणी भरताना तिच्यापासून घागर लांब धरू लागल्या. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. गोऱ्या डॉक्टरनं हात उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, हा महारोग नव्हे, नुसता स्टेन आहे. औषध काही दिलं नाही.

स्टेन म्हणजे डाग, हे मला ठाऊक होतं. पण डाग धुतला की जातो. हा का जात नाही, म्हणून शब्दाचं मूळ शोधायला मी कॉलेजातला जाडा इंग्रजी कोश काढून बसलो. दुसरं काय करणार होतो? वैद्य झाले, नवस झाले, मला येत होतं ते एवढंच.

तेवढ्यात जवळच्या आडुतुरै गावचं स्थळ आलं. आपल्यातलंच, मराठी बोलणारं. या मुलुखात आपली घरं ती किती. हे हुकलं तर पुढचं कुठून आणायचं? वडिलांनी जेवण टाकलं. आईनं, तिला आम्ही तमिळांसारखं अम्मा म्हणायचो, उपाय काढला. बोटांच्या टोकांना मरुदाणी लावायची, म्हणजे आपली मेंदी, आणि मनगटभर काचेच्या बांगड्या. मी म्हटलं, आधीच सांगून टाकू, रोग नाही तर भ्यायचं कशाला? वडील म्हणाले, "तू शिकलास. तिला घरात बसवून तू पोसशील, पण लोकांची तोंडं धरशील का?"

पाहुणे आले. सगळं नीट चाललं होतं. मुलाच्या आत्याला बहिणीचा आवाज आवडला. मग आत्याबाईंनी हळदीची वाटी मागितली, आणि अम्माचा चेहरा उतरला.

आपल्यात मुलगी पसंत पडली की मुलाकडची थोरली बाई तिच्या हातांना कोपरापर्यंत हळद लावते. अम्माला स्वतःला लावलेली होती. पण इतकी वर्षं शेजारच्या तमिळ घरांतलेच समारंभ पाहिलेले. तिथं कुंकू लावलं की झालं. आपली रीत तिच्या ध्यानातूनच गेली होती. वाटी तर द्यावी लागली.

आत्याबाईंनी प्रेमानंच बांगड्या वर सारल्या. हळदीचं बोट मनगटाशी थांबलं. त्यांनी ते आपल्या पदराला पुसलं.

विड्याचं तबक पुढं केलं, त्याला कुणी हात लावला नाही. निघताना आपण "येतो" म्हणतो; तमिळही तसंच म्हणतात. मुलाचे वडील म्हणाले, "जातो."

मी गाडीपर्यंत मागं धावलो. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, कोश काय म्हणतो तेही सांगितलं. मुलाच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळा, तुमचा कोश आमच्या पंगतीत वाढायला येणार आहे का?"

बैल चालू लागले.

घरात आलो तर बहीण परसात दगडावर मनगट घासत बसली होती. हळद निघून गेली होती, तरी घासतच होती. मी हात धरला.

"अण्णा, काय निघालं रे तुझ्या शब्दाचं मूळ?"

मी सांगितलं. मुळात तो शब्द लॅटिनमधून फ्रेंचांकडं आला. तेव्हा अर्थ होता रंग काढून घेणं. पुढं इंग्रजांकडं तो उलटा झाला, रंग चढवणं; चर्चच्या रंगीत काचांना अजून तोच शब्द आहे. आणि मग नावाला लागलेला कलंक.

ती म्हणाली, "आधी माझा रंग गेला. मग अम्मानं मरुदाणी चढवली. आणि आता नाव. तुझ्या शब्दाला इतकी वर्षं लागली, माझं एका पावसाळ्यात झालं."

मी तिच्या मनगटावर तांब्यातलं पाणी ओतलं.

"रंग परत येतो, असं काही आहे का त्यात?"

"उद्या बघतो," मी म्हणालो.

खरंच कॉलेजात गेलो. ते पान पुन्हा वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. दुपारी घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती. माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता आत गेली.

पांढरा डाग आता कोपराच्या वर चढला आहे. आडुतुरैनंतर कुणी आलं नाही. अम्मा अजून दर शुक्रवारी मरुदाणी वाटते, आणि ती हात पुढं करते.