खण ढकलणारे काका

आठवीतनं शाळा सोडून मी कोकणातून अंबडला आलो, जुन्या फर्निचरच्या दुकानात लागलो. मालकांनी ओक लाकडाचं एक जुनं, खणांचं कपाट माझ्यापुढं टाकलं. म्हणाले, "हे पोळ्यापर्यंत विकलं न्हाई, तर तू गावाकडं निघायचं."

मी ते घासलं, पॉलिश केलं. खण इतके घट्ट बसले, की वरचा ढकलला की आतल्या हवेनं खालचा हळूच बाहेर यायचा. एक टोपीवाले काका रोज चहा पिऊन यायचे, वरचा खण ढकलून खालचा बाहेर येताना बघायचे आणि खुदकन हसून जायचे. त्यांचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

एकदा एक साहेब आले. त्यांनी वरचा खण लावला, खालचा बाहेर आला.

"बिघडलंय हे," म्हणून ते वळले.

तेवढ्यात काका बोलले, "बराबर हाय साहेब, तुम्ही जा. मी कवाचा टपून राह्यलो, माझ्याच घरी जाऊ द्या."

साहेबांनी तिथल्या तिथं पैसे मोजले आणि टेम्पो बोलावला. कपाट गेलं, माझी नोकरी राहिली.

मी हात जोडून विचारलं, "काका, खरंच घेतलं असतं?"

"घेतलं असतं, तर बायकोनं मलाच खणात कोंबलं असतं!"