पहिलीच्या मापाची खुर्ची
सागवानाच्या भुशाचा वास आला की बालीगंजच्या घराचा व्हरांडा आठवतो. मी लहान होते. वडील तिथे महिनाभर खपून आईसाठी डुलती खुर्ची बनवत होते. आईचं माप घेतलंच नाही, म्हणाले, "हाताला ठाऊक आहे." पण आई बसली तर पाय जमिनीला टेकेनात. वडिलांचा चेहरा पडला. त्यांची वारलेली पहिली बायको उंच होती. आई उठली, दुसरेपणाच्या रीतीप्रमाणे गळ्यात घातलेला सवतीच्या नावाचा चांदीचा टाक काढून तिने खुर्चीत ठेवला आणि म्हणाली, "बसा, ताई." झाडाचं पानही हलत नव्हतं, तरी थांबलेली खुर्ची संथ डुलू लागली. आज ती माझ्याकडे आहे. केर काढताना मी अजूनही म्हणते, "मोठी आई, जरा पाय वर घे."