साडूचा महाधनेश

कोकणातलं दाट जंगल बघायला मी आणि साडू संगंच गेलतो. पण मी लघवीला झाडामागं गेलो आणि तेवढ्यात महाधनेश दिसला तो साडूला. मला दिसला त्याचा धाकटा भाऊबंद, मलबारी राखी धनेश. महाधनेशाच्या पिवळ्या चोचीवर टोप असतो आणि तो उडाला की रेल्वे गेल्यासारखा आवाज येतो. राखीला टोप न्हाई, तो नुसता खदाखदा हसतो.

धर्मापुरीच्या सासरवाडीत परत आल्यावर साडूनं सांगता सांगता ती चोच हातभर लांब केली.

"जावईबापू, पिल्लं कशी वाढवत्यात हो ती?" सासूबाईंनी साडूलाच विचारलं.

साडू म्हणाला, "दोनी जातींत मादी ढोलीत सोताला कोंडून घेते. नर फटीतून तिला भरवतो. पण ढोलीची जुनी झाडंच तुटायलीत, म्हणून दोगं बी कमी व्हायलेत."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी का म्हणून मागं राहू?

"महाधनेश मादीला भरवायला दिसातून दोनदा येतो," मी ठोकून दिलं. "माझा राखी शंभरदा. बायकोनं मागितलं तर नाशिकची द्राक्षं आणतो."

चुलीपासून माझी बायको म्हणाली, "द्राक्षं ऱ्हाऊ द्या. मी तापानं पडलते तवा तुमी पेलाभर पाणी तरी आणलं का?"

माणसं हसून लोळली. साडू मात्र गुमान उठला, माठातून पेला भरला आणि आपल्या बायकोला नेऊन दिला. सासूबाई त्याच्याकडं देव बघावा तशा बघत राहिल्या.

मीही उठलो, पण घरात दुसरा पेला सापडला न्हाई.