मागे बसणाऱ्याची शिकवणी

पन्नासच्या दशकात औषधांच्या एका कंपनीत मला नोकरी लागली. आमच्या मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या डॉक्टरांकडे नमुने पोचवायचे, त्यासाठी कंपनीनं लष्कराच्या लिलावातली साडेतीन हॉर्सपॉवरची मोटरसायकल दिली. चार दिवसांत ती चालवता आली आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. पाचव्या दिवशी भांडुपला एका म्हशीनं मला जमिनीवर आणलं. म्हशीला काही झालं नाही. साहेबांनी मात्र सरळ सांगितलं, नीट शिकून ये, नाहीतर गाडी जमा कर.

शिकवणारा मिळाला तो कांजूरला, मिठागरांच्या कडेला. लढाईत मोटरसायकलवरून निरोप पोचवणारा मालवणी माणूस, आता एका कारखान्याचा पहारेकरी. सगळे त्याला मास्तर म्हणत. कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात त्यानं चुन्याच्या फक्कीनं लांबट गोल आखलेला होता, मध्ये आठाचा आकडा, आणि वळणावळणावर नारळाच्या करवंट्या ठेवलेल्या. करवंटी फुटली की पाच फेऱ्या जास्त. पहिल्या रविवारी मी इतक्या करवंट्या फोडल्या की मास्तरच्या बायकोनं त्या चुलीला नेल्या.

"करवंटेकडे बघशीत तर करवंटेरच जाशीत," मास्तर ओरडायचा. "जंय जावचा आसा, थंय बघ!"

तेवढं एक वाक्य अंगात मुरायला महिना गेला. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, आत शिरल्यावर ब्रेकला हात लावायचा नाही, मान वळवून पलीकडे बघायचं आणि गाडीबरोबर आपणही झुकायचं. पुढं मास्तर स्वतः मागे बसू लागला. तो इतका बरोबर झुकायचा की मागे कुणी आहे हे विसरायला व्हायचं. शेवटच्या दिवशी त्यानं बजावलं, "पाठी बसतलो तो पोता नसता. त्येकाय शिकवूक होया. पयलो हय हाड, दोन फेरे मार, मगे रस्त्यार ने."

मागे बसणाऱ्यालाही आधी या मैदानात आणून शिकवायचं तर! मी मान हलवली. मनात म्हटलं, माझ्या मागे कोण बसणार आहे!

बसले अण्णा, माझे वडील. मुंबईतल्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि घरात एका शब्दावर सगळं चालवणारे. आमच्या घरात बापाच्या अंगाला हात लागायचा तो नमस्कारापुरता. त्यांच्यासमोर मी खुर्चीवरही कधी बसलो नव्हतो.

घाटकोपरला माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. आई आदल्या दिवशीच गेली होती. सकाळी मी निघताना अण्णा कोट घालून दारात उभे. हातात बाळाच्या आंगड्या-टोपड्याचं पुडकं. म्हणाले, "मी तुझ्याबरोबरच येतो." मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मागे बसून मी काय करायचं रे?"

आता सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण काय सांगणार? की अण्णा, माझ्या कमरेला मिठी मारा? मी झुकेन तसे झुका? ज्या माणसानं मला पाढे शिकवले, पंचा नेसायला शिकवलं, त्याला मी बसायला शिकवू?

"काही नाही अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही नुसते बसा."

"बरं," ते म्हणाले, आणि जरा थांबून मागे बसले. पुडकं छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं सीटची कड.

आग्रा रोडला तेव्हा गर्दी नव्हती. भांडुपपर्यंत छान गेलो. कांजूरच्या पुढं रस्ता डावीकडे वळतो, तिथं उजव्या कडेला दुरुस्तीच्या खडीचे ढीग होते. मी वेग कमी केला, पलीकडे पाहिलं, झुकलो. आणि मागचं वजन उजवीकडे गेलं. आपण पडतोय असं वाटून घाबरलेला माणूस सावरायला जातो, तसे अण्णा उलटे झुकले. गाडी सरळ उभी राहिली आणि रस्ता ओलांडून खडीत घुसली. माझं कोपर सोललं. अण्णांचं डोकं आपटलं. पुडकं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, शुद्धीवर न येताच, ते गेले. आईनं मला एका शब्दानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नोकरी होती म्हणून दोन महिन्यांनी गाडी पुन्हा हातात घेतली. सरळ रस्त्याला काही नाही. पण डावं वळण आलं, मी झुकलो, की मागे कुणीतरी उजवीकडे झुके. सीट मोकळी आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी हात मागे घालून चाचपायचो. हाताला तापलेलं कातडं लागायचं. सात-आठ डॉक्टर मी टाळू लागलो, कारण त्यांच्या वाटेवर डावी वळणं होती. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि नाही. मला भीती वाटायची ती खरी होती, एवढंच सांगतो.

शेवटी मास्तरकडे गेलो. त्यानं काही न विचारता गोल पुन्हा आखला, करवंट्या मांडल्या आणि मागे बसला. वीस फेऱ्या झाल्या. प्रत्येक डाव्या वळणावर मी घामाघूम.

"गाडी बरोबर आसा," तो उतरून म्हणाला. "हात बरोबर आसत. तुझी चूक नाय."

हेच ऐकायला मी आलो होतो. ऐकलं आणि मला अण्णांचाच राग आला. इतके दिवस दाबलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "चूक त्यांचीच होती! उलटे झुकले. आणि सांगून तरी काय उपयोग होता, मास्तर? जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्यांनी. अण्णांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

मास्तरनं एक करवंटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हणाला, "तुझो बापूस हय इललो. बारशाच्या आदल्या आठवड्यात."

मला खरं वाटेना. अण्णा मुलुंडहून कांजूरला? मग आठवलं, एका संध्याकाळी ते भजनाला म्हणून गेले होते आणि त्यांच्या वहाणांना मिठागराचा चिखल होता.

"माका इचारल्यान, पाठी बसणाऱ्यान काय करूचा असता? माझ्यामुळे झिलाक, म्हंजे तुका, तरास होवचो नाय." मास्तर माझ्याकडे बघत नव्हता. "मी म्हटलंय, माझ्याकडसून कित्याक? तुमचो झीलच सांगतलो. त्येका बरा वाटात. तर हसले. म्हणाले, बरोबर आहे, त्यालाच विचारतो."

मी मैदानात बसलो. फक्की सगळ्या पॅन्टला लागली. त्यांनी विचारलं होतं. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तरासाठी जरा थांबलेही होते.

ऊन असतानाच परत निघालो. घर दुसऱ्या दिशेला, तरी गाडी आधी त्या वळणाकडे घेतली. खडी कधीच उचलली होती. वेग कमी केला, पलीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, माझ्या कमरेला धरा. मी झुकेन तसे झुका."

मी झुकलो. मागचं वजन माझ्याबरोबर झुकलं, पाहिजे तेवढंच.

एकदाच सांगावं लागलं.