शेवंतामावशींची आठ बोटं

स्टेशनबाहेरच्या बॅनरवर शेवंतामावशींना दहा बोटं आहेत.

त्यांना आठच होती.

मावशी काल दुपारी गेल्या. आज सकाळी अंबरनाथ स्टेशनबाहेर फ्लेक्स लागलासुद्धा. आपल्या नेत्यांचा, भाऊंचा फोटो मावशींच्या दुप्पट, आणि खाली नावांच्या यादीवर 'शुभेच्छुक'. वाढदिवसाच्या बॅनरची जुनी फाइल उघडली असणार, तेवढं बदलायचं राहिलं.

भाऊंना मी नंतर बघते.

त्या बॅनरवरचं मावशींचं चित्र माझ्या पुस्तकातलं आहे. लहान मुलांसाठी मी त्यांच्यावर लिहिलेलं, पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. सकाळपासून तुम्ही सगळे तेच चित्र स्टेटसला ठेवताय. 'प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व'. पुढे हात जोडलेले इमोजी.

तुमच्यातल्या किती जणांनी तो हात कधी नीट पाहिला होता?

माहीत नसेल तर सांगते. आमच्या या पट्ट्यात बायकांची कबड्डी टीम पहिल्यांदा शेवंतामावशींनी उभी केली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला होत्या. शिफ्ट सुटली की कंपनीमागच्या खडकाळ मैदानात आठ-दहा बायका काष्टा मारून उतरायच्या.

आणि कुंपणावर बसून शिट्ट्या मारणारे पण असायचे. त्यातलेच काही जण आज 'आपल्या मातीतली रणरागिणी' लिहितायत. काकांनो, मला तुमची नावं माहीत आहेत. मावशींनीच सांगितलीत.

मग मशीनवर उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. घरच्यांना वाटलं, सुटली एकदाची कबड्डी. जखम भरली तशा मावशी परत मैदानात. उरलेल्या तीन बोटांनी समोरचीचा घोटा धरायच्या, आणि तो सुटायचा नाही.

मला म्हणाल्या होत्या, "पाच होती तवा हात सरकायचा. तीन राहिली, मग भीतीनंच घट्ट धराया लागले."

हे ऐकलं तेव्हाच मला वाटलं की पुस्तक यावरच लिहायचं.

चित्रं पूजाची. कुळगावची मुलगी. मावशींच्या घरी बसून तिने नुसत्या त्या हाताची वहीभर स्केचेस केली. कच्च्या चित्रांत सगळीकडे बरोबर आठ बोटं होती.

मग प्रकाशकांचा मेसेज आला. मुलं घाबरतील, पालक पुस्तक परत ठेवतील. बोटं पूर्ण करून घ्या आणि अपघाताच्या पानाऐवजी ट्रॉफीचं पान टाका.

मी रिप्लाय दिला, 'ओके'.

हो, मीच. बायकांच्या हिमतीवर शाळाशाळांत भाषणं ठोकणारी. पहिलंच पुस्तक होतं, अडकेल म्हणून घाबरले. पूजाने बोटं रंगवून दिली आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. बरोबर केलं तिने.

मावशींना मी विचारलंसुद्धा नाही. थेट छापलेलं हातात ठेवलं.

बेलवलीतल्या एका शाळेत प्रकाशन होतं. मावशींनी सगळी पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. मग मुलांना जवळ बोलावून हात पुढे केला.

एकही मूल घाबरलं नाही. उलट हात लावून बघायला रांग लागली. तिसरीतल्या एका मुलीने बोटांच्या जागा चाचपून बघितल्या, मग पुस्तक उघडलं.

"आजी, ह्याच्यात असा का नाहीये?"

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्या बाईंना इचार. त्यांनी लिवलंय."

मी म्हटलं, चित्र लहान असतं ना बाळा.

त्या पानावर पानभर हातच होता. मुलीने तो बघितला, मग मला बघितलं, आणि जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर मावशींचा अधूनमधून फोन यायचा. तब्येत नाही, पाणी नाही, एकच प्रश्न: दुसरी आवृत्ती कधी? मला वाटलं, म्हातारीला प्रसिद्धीची चटक लागली. मैत्रिणींना सांगून हसलेसुद्धा.

आज सकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी लता दारातच उभी होती. आत या म्हणाली नाही. मावशींकडची पुस्तकाची प्रत आणून माझ्या हातात दिली.

"आईने सांगितलेलं, हे तुम्हालाच द्यायचं."

जिन्यात उभं राहून उघडलं.

जिथे जिथे उजवा हात आहे, तिथे तिथे दोन बोटांवर व्हाइटनर लावलाय. कव्हरवर पण. जराही बाहेर न जाता, सावकाश बसून केलेलं काम. एका पानावर चुकून डाव्या हाताची बोटं पुसली गेलीत, ती बॉलपेनने परत काढलीत.

तेव्हा कळलं, बाई कसली वाट बघत होती.

मी जिन्यातच असताना प्रकाशकांचा फोन आला. वाईट झालं म्हणाले. आणि लगेच, आता मागणी येईल, तर आहे तसंच पुन्हा छापून घेऊ.

मी फोन ठेवला आणि मेसेज केला: 'ती दोन बोटं पुसा, नाहीतर माझं नाव पुसा.'

निळ्या टिक्स आल्यात. उत्तर नाही. आलं की इथेच टाकते.

भाऊ, संध्याकाळपर्यंत फ्लेक्स उतरवा. नाहीतर व्हाइटनर घेऊन शिडीवर मी चढणार आहे. मग माझा फोटो काढा आणि तो पण लावा.

बाकीच्यांनो, स्टेटसला चित्र ठेवायचंच असेल तर या पोस्टसोबतचं ठेवा. मावशींच्या प्रतीतलं आहे.

मावशी, दुसरी आवृत्ती शेवटी तुम्हीच काढलीत.

माझा शेवटचा नमस्कार घ्या.