बंद पाकीट आणि शहाणे उंदीर

मॅडमच्या शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायचं होतं, आणि आधीच्या प्रत्येक वक्त्याचं बोलणं मला खोटं वाटत होतं. "त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता," म्हणे! त्या बाईंचा तर स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता.

तशी मीही संशयीच. लोअर परळच्या चाळीतून बी.एस्सी. होऊन परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, तेव्हा आडनाव ऐकून चहाचा कप वेगळा काढणारे लोक पाहून झाले होते. मॅडमनी आडनावाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला त्यातही काळंबेरं दिसलं.

हार्मोनमुळे प्राण्यांचं मीलन कसं बदलतं, हा त्यांचा अभ्यास. सकाळी त्या पांढऱ्या उंदरांच्या काही माद्यांना हार्मोनचं इंजेक्शन द्यायच्या, काहींना नुसत्या तिळाच्या तेलाचं. मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली बसून मी लिहायचं, कोणती मादी नराला जवळ येऊ देते आणि कोणती हाकलते. कुणाला काय दिलंय ते मला सांगायचं नाही. यादी पाकिटात, पाकीट खळ लावून बंद. आधी कळलं तर बघणाऱ्याला हवं तेच दिसतं, म्हणून अशी पद्धत असते हे पुस्तकात वाचलं होतं. तरी डोक्यात किडा वळवळायचाच.

"तुझ्यावर भरवसा नाय तिचा," आई म्हणाली. "आपल्या लोकांवर कोणाचा असतो?"

एका दुपारी मॅडम जेवायला गेल्या आणि मी किटलीच्या वाफेवर पाकीट सोडवलं. आत माझ्याविरुद्ध काहीच नव्हतं. नुसते पिंजऱ्यांचे आकडे, आणि प्रत्येकापुढे 'हार्मोन' किंवा 'तेल'. मी ते पुन्हा चिकटवून ठेवलं.

त्यानंतर मला सगळं फार स्पष्ट दिसू लागलं. हार्मोनवाल्या सगळ्या माद्या राजी, तेलवाल्या सगळ्या नाराज. मॅडमनी वही चाळली. "इतके शहाणे उंदीर मी कधी पाहिले नाहीत गं," एवढंच म्हणाल्या. मग अख्खा प्रयोग पहिल्यापासून सुरू केला, नवे उंदीर, नवं पाकीट, आणि निरीक्षणाला पुन्हा मलाच बसवलं. आता ही बाई माझी परीक्षा घेतेय, असं मी मनात धरून ठेवलं.

शोकसभेच्या आदल्या दिवशी त्यांचं कपाट आवरताना ती जुनी वही सापडली. माझ्या नोंदींवर आडवी रेघ आणि त्यांच्या अक्षरात 'रद्द'. खाली 'कारण' लिहून पुढची जागा कोरी. शेजारी तेच पाकीट टाचलेलं, खळीचे दोन थर उघड दिसत होते. मला रडू आलं आणि रागही आला. विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं की! केलं असतं? माझाच माझ्यावर भरवसा बसेना.

माझं नाव पुकारलं गेलं. मी वही घेऊन माइकपाशी गेले.

"मॅडमनी इथे एक कारण लिहायचं ठेवलं होतं," मी म्हणाले. "ते मी सांगते."