मौनाच्या ताटावरचं क्वांटम

देव्हाऱ्यातलं निर्माल्य रोज थोडं थोडं साचतं, तसे आमच्या गुरुवारच्या बैठकीचे किस्से साचलेत. टाकवत तर एकही नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्या जालन्यातलं आमचं घर. आमचे हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. साळवे गुरुजी बुद्धाचं ध्यान करायचे. वाटूरचे भानुदासराव मोटारसायकलवर यायचे, ते मात्र जेवणासाठी!

मी चातुर्मासात मौनानं जेवते. शब्द निघाला की ताटावरून उठायचं.

एकदा ह्यांनी विचारलं, "वरणात मीठ बराबर आहे का गं?" मी गप्प. हे खूश! "बघा, ही सांगत नाही तोवर वरण खारटही आणि अळणीही. हेच क्वांटम!"

भानुदासरावांनी भुरका मारला, तांब्याभर पाणी प्याले. "सर, तुमचं क्वांटम लई खारट हाय!"

मग विषय निघाला मनाचा. हे म्हणाले, "मनाला कुणी मालक नाही. विचार आपोआप जुळतात, कळपासारखे."

भानुदासराव धनगराचे. "आपोआप? मंग माझ्या बापानं जन्मभर काठी कशाला वागवली?"

दुसऱ्या गुरुवारी हे म्हणाले, "क्वांटम माहितीची हुबेहूब नक्कल करताच येत नाही."

गुरुजी हळूच म्हणाले, "बोधीचंही तसंच. दुसऱ्याच्या वतीनं जागं होता येत न्हाई."

तेवढ्यात भानुदासराव घोरायला लागले!

पण एकदा बिनसलं. हे म्हणाले, "बोधीचंही एक दिवस समीकरण मांडू."

गुरुजी म्हणाले, "पाण्याचं सूत्र लिहून तहान भागती का, सर?"

"मग तुमच्या ध्यानाला पुरावा काय?"

गुरुजी उठले ते परत आलेच नाहीत. बैठक सुनी पडली. "त्यांनी आधी बोलावं," हे म्हणायचे. गुरुजींचंही तेच. जांबच्या देवळात जाऊन मी रामरायाला साकडं घातलं. मग गुरुजींना निरोप धाडला, 'व्रताचं जेवण आहे. पंगतीत सगळ्यांनाच मौन.'

बोलायचंच नाही म्हटल्यावर गुरुजी बिलकुल वेळेवर आले!

दोघं समोरासमोर बसले, माना खाली घालून. भाकरी झाली, भात आला. आणि एकदम हे ओरडले, "अगं, गुरुजींच्या भातावर तूप नाही!"

मग जीभ चावली. नियम तो नियम. अर्ध्या ताटावरून उठायला लागले.

गुरुजींनी त्यांचा हात धरला. "बसा सर. मी कायबी ऐकलं न्हाई."

आता दोघंही बोलले होते. दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

माझं मौन होतं. मी डाव्या हातानं तुपाची वाटी दोघांच्या मधोमध सरकवली.